तिसरीत जाणाऱ्या मुलीला आधी शाळेचा आठवडा समजावून सांगा

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. यंदा जूनअखेर ठाण्याला कायमचे परत येतोय. मुलगी ८ वर्षांची आहे, तिसरीत जाईल. घरी मराठी बोलते, पण वाचता येत नाही. सासूबाई म्हणतात, आल्याआल्या गणित आणि मराठीची शिकवणी लावा, नाहीतर मागे पडेल. काय करावं?

ताई, दिवाळीपर्यंत शिकवणी लावू नका. सासूबाईंची काळजी खरी आहे, पण बाहेरून आलेलं मूल इथल्या प्राथमिक शाळेत अडखळतं ते गणितात नाही. मी अनेक वर्षं प्राथमिकचे वर्ग घेतले. गुणाकार चोख येत असूनही आठवडेच्या आठवडे गप्प बसलेली मुलं मी पाहिली आहेत. कुठल्या वारी कोणता गणवेश, परिपाठात काय म्हणायचं, मधल्या सुट्टीत कुणाशेजारी बसायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. बाकीच्यांच्या ते पहिलीपासून अंगवळणी पडलेलं असतं.

आधी तारखांचं बघा. राज्य मंडळाची शाळा असेल तर ती जूनच्या मध्याला सुरू होते, म्हणजे तुमचे दोनेक आठवडे बुडतील. त्याचं काही नाही. सीबीएसई किंवा आयसीएसई असेल तर वर्ष बहुधा एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी धडे शिकवून झालेले असतात. अशा वेळी वर्गशिक्षिकेकडून वेळापत्रक आणि वह्यांची यादी आत्ताच मागवून घ्या. यादीतल्या दुरेघी, चौरेघी आणि चौकटीच्या वह्यांत फरक असतो. सासूबाईंना नौपाड्यात सगळ्या मिळतील. कव्हरं मात्र मुलीबरोबर बसून घाला.

आता सोमवार ते शनिवार. दिवसाची सुरुवात परिपाठाने होते: राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, मग सुविचार, दिनविशेष, एखादी बोधकथा. बऱ्याच शाळांत सुविचार आणि दिनविशेष सांगायची पाळी हजेरीच्या क्रमाने येते. परदेशातून आलेले पालक हमखास विनंती करतात की आमच्या मुलीला यातून सध्या वगळा. ही विनंती तुम्ही करू नका. वगळलेलं मूल वर्गासाठी पाहुणंच राहतं. त्यापेक्षा बाईंना सांगा की तिची पाळी जुलैच्या शेवटी ठेवा, आणि दोन वाक्यांचा दिनविशेष तिच्याकडून पाठ करून घ्या. उच्चार थोडे वेगळे आले तर येऊ देत. चार दिवस मुलं हसतील, मग तीच तिला शब्द सांगायला लागतील. प्रतिज्ञा तर तिकडेच, गाडीत येता-जाता पाठ करता येईल.

डब्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मैत्री तिथेच होते. तिकडे बहुतेक शाळा ॲलर्जीच्या भीतीने मुलांना एकमेकांचं खाऊ देत नाहीत, आणि मुलांच्या मनात तो नियम पक्का बसलेला असतो. इथे मधल्या सुट्टीत सगळे डबे मध्ये येतात. जी मुलगी आपला डबा झाकून एकटी खाते ती शिष्ट ठरते, आणि ती असं का करते हे विचारायला कुणी थांबत नाही. तिला आधीच सांगा की इथे वाटून खातात, नको असेल तर ‘नको’ म्हटलं तरी चालतं. पहिल्या आठवड्यात डब्यात दोन पोळ्या जास्त द्या. खरीच ॲलर्जी असेल तर ती डायरीत लिहा, वर्गशिक्षिकेला भेटून सांगा आणि व्हॅनवाल्या काकांनाही सांगा. इथे ॲलर्जीचा फॉर्म आपणहून कुणी पुढे करेलच असं नाही.

वर्ग मोठा असेल, याचीही तयारी ठेवा. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे, पण शहरातल्या कितीतरी खासगी शाळांत एका तुकडीत ४० हून अधिक मुलं असतात. बाईंचं लक्ष जाईल म्हणून थांबायचं नाही, हात वर करायचा, उभं राहून बोलायचं, हे घरी खेळातून करून घ्या.

मराठी टाळता येईल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, याचा मला आनंद झाला. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. बोलता येतं म्हणजे निम्मं काम झालेलं आहे. आत्तापासून रोज पाच ओळी मोठ्याने वाचून घ्या, लिहिणं नंतर. ठाण्याला आल्यावर आजीबरोबर मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊ दे. १८९३ सालची ही संस्था आहे आणि नातवंडाला तिथे नेणं हा आजीच्याही आनंदाचा भाग असेल.

अभ्यासात खरोखर बदलतात त्या गोष्टी लहान आहेत. तारीख लिहिताना आधी दिवस, मग महिना. फूट-पाउंडाऐवजी मीटर-किलो. इंग्रजीत काही शब्दांची स्पेलिंगं वेगळी, आणि बऱ्याच शाळांत कर्सिव्ह अक्षर. पाढे म्हणून दाखवायचे असतात, नुसते समजून भागत नाही. एवढ्यासाठी शिकवणी कशाला? शिवाय परीक्षेचं दडपण तूर्त नाही. राज्यात वर्षअखेरीला पास होण्याची अट आहे ती पाचवी आणि आठवीला.

येईल तो पहिला उपक्रम मात्र सोडू नका. बहुधा तो आषाढीची दिंडी असेल. पोरं विठ्ठल-रखुमाई होतात, डोक्यावर तुळस घेतात, टाळ वाजवत शाळेभोवती फिरतात. त्यात गुण नाहीत, नंबर नाही, पाठांतर नाही. नव्या मुलीला वर्गात मिसळायला याहून सोपी जागा सापडणार नाही. नऊवारी भाड्याने मिळते. पुढे १ ऑगस्टला लोकमान्यांवर भाषणं, स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन, मग गणपती. हिवाळ्यात सहल, क्रीडादिन आणि गॅदरिंग. गॅदरिंगच्या नाचात मागच्या रांगेत उभी राहिली तरी पुरे.

शनिवारी राज्य मंडळाच्या बऱ्याच शाळा अर्धा दिवस भरतात, पी.टी.च्या पांढऱ्या गणवेशात. २०२४ मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. आरोग्य, रस्त्यावरची सुरक्षितता, हस्तकला, गोष्टी असं काहीबाही त्यात घेतलं जातं. ‘वीकेंड’ म्हणून तो दिवस बुडवू नका.

शाळेची वेळ आणि घराचं अंतर एकत्र तपासा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा २०२४ चा शासन निर्णय आहे, तरी तुमची शाळा प्रत्यक्षात किती वाजता भरते ते विचारा. घर घोडबंदर रोडला आणि शाळा नौपाड्यात असेल तर जुलैच्या पावसात मूल व्हॅनमध्येच थकून जाईल. घर अजून ठरलं नसेल तर शाळेच्या जवळ घ्या, दोन खोल्या कमी चालतील. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, आणि दप्तरात मोज्यांचा एक कोरडा जोड कायम असू दे. अतिवृष्टीचा इशारा आला की सुट्टी आदल्या रात्री, कधी सकाळी जाहीर होते, त्यामुळे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी नाव घाला.

प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेणं कायद्याने बंद आहे. कुणी मुलाखत म्हणालं तर हे शांतपणे सांगा. निघण्याआधी तिकडच्या शाळेतून दाखला, शेवटचं प्रगतिपुस्तक आणि लसीकरणाची नोंद सही-शिक्क्यासह घ्या. जन्मदाखला, पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असेल तर तेही त्याच फायलीत ठेवा. फाईल हातातल्या बॅगेत असू दे. जहाजाने येणारं सामान पोहोचायला महिने लागतात.