दुबईले बोकड जाणार म्हणे, मंग भाव वाढते का?

प्रश्न: राम राम. माझ्याकडे बेरारी बकऱ्या हायेत, पंचवीसेक. गावात एक एजंट फिरून राहिला, म्हणते दुबईसोबत करार झाला, ड्युटी गेली, बोकड डायरेक्ट विमानानं जाणार, नोंदणीचे पैसे भरा, डबल भाव भेटते. दुसरा म्हणते ऑस्ट्रेलियाचं मटण फ्री झालं, आता आपला भाव पडते. खरं काय समजाव?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, पैसे भरू नका, बाकीचं मग बोलू. यूएईसोबतचा (दुबई त्याच देशात येते) करार १ मे २०२२ पासूनच लागू आहे, त्यानं बोकड विमानात चढत असते तर दारव्ह्याच्या बाजारात कधीच कळलं असतं ना. करारानं ड्युटी कमी होते, रोगाचे नियम तसेच राहतात. जिवंत जनावर घेणारा देश आधी पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा प्लेग), खुरकूत पाहतो, मग क्वारंटाईन, रक्ततपासणी, सर्टिफिकेट, आणि जरा शंका आली की दार बंद. सोमालियाचं पोट आखातात जाणाऱ्या शेळ्यामेंढ्यांवर, तरी रिफ्ट व्हॅली तापाच्या भीतीनं सौदीनं २००० मध्ये घातलेली बंदी उठायला २००९ उजाडलं.

विमानाची गोष्ट मात्र अगदीच थाप नाही. ३० जून २०१८ ला नागपूरहून शारजाला शेळ्यामेंढ्या पाठवायचं ठरलं होतं, जैन समाजाचा विरोध झाला अन् ऐनवेळी कार्यक्रम रद्द. २०२३ मध्ये केंद्रानं जिवंत जनावरांच्या आयात-निर्यातीच्या विधेयकाचा मसुदा काढला, तोही विरोधामुळे लगेच मागे घेतला. म्हणजे ड्युटीपेक्षा गाडी आपल्याच घरात जास्त अडते. विरोध करणाऱ्यांचं सगळं मला पटत नाही, पण जहाजावर जनावरांचे हाल होतात हे खरंच, न्यूझीलंडनं समुद्रमार्गे जिवंत जनावरं पाठवणं २०२३ मध्ये बंद केलं, ऑस्ट्रेलियातून मेंढ्या पाठवणंही १ मे २०२८ पासून बंद. आखातातली ती जागा आपल्याला मिळणार असं तो एजंट सांगेलच, पण सोमालिया-सुदान आधीपासून तिथं बसलेत.

ऑस्ट्रेलियाच्या मेंढीच्या मटणावरची ३० टक्के ड्युटी २९ डिसेंबर २०२२ ला गेली हे बरोबर. पण तो माल मोठ्या शहरातल्या हॉटेलांचा, आपल्याकडचं गिऱ्हाईक डोळ्यासमोर कापलेलंच मागते. तुमचा भाव पाडतो तो पाठीवर हात फिरवून अंदाजानं सौदा करणारा व्यापारी, म्हणून चार जण मिळून वजनकाटा घ्या अन् किलोवर विका. पीपीआरची लस टोचून घ्या, साधारण ३ वर्षं चालते, निर्यात झाली न झाली तरी कळप वाचतो. आणि श्रावणात बोकड बाजारात काढू नका, बकरी ईद नाहीतर पोळ्याची कर (पोळ्याचा दुसरा दिवस) पाहून काढा.