जून आला म्हणून घाई नको

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवायचं ठरवलंत, तरी सोसायटीतली मुलं रेनकोट घालून शाळेत निघाली की तुमच्या पोटात गोळा येणार, हे धरूनच चाला. म्हणून लगेच सकाळी आठ ते एक असं वेळापत्रक भिंतीवर डकवू नका. आठवड्याभरात तुम्हीही कंटाळाल आणि मुलंही. सुरुवातीला रोज थोडं गणित आणि मोठ्याने वाचन, एवढं पुरे. पुस्तकांवर पैसे उधळू नका, बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात.

मुंबईत पावसाइतका चांगला मास्तर नाही. घरीच पर्जन्यमापक बनवा: सरळ बाजूंची बाटली वरून कापा, वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवा. तळ वेडावाकडा असतो, म्हणून बाहेरून मोजपट्टी चिकटवा आणि आधी खडे टाकून तिच्या शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरा. मग गच्चीवर मोकळ्यात ठेवा. खिडकीच्या ग्रिलमध्ये आकडा चुकतोच! हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, तुम्हीही तेव्हाच मोजा. कुलाबा आणि सांताक्रूझच्या आकड्यांशी पडताळलं की दशांश, आलेख, भूगोल सगळं त्यात येतं. एकाच शहरात इतका फरक का, हे मुलंच विचारतील.

दहावीची चिंता आत्ता नको. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळातून ती देता येते, त्यासाठी वय किमान 14 लागतं. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव मात्र आत्ताच जुळवून घ्या.

आणि सासूबाईंना वादात हरवायला जाऊ नका. त्यांच्याकडे पाढे सोपवा.