पोरगी ड्रमापाशी डास बघत बसते, हिचं काय करायचं?

निपाणीकडच्या एका गावातनं एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं, की मुलगी पीयूसी सेकंड इयर म्हणजे बारावी सायन्सनं झाली, डॉक्टरकीची नीट परीक्षा दोनदा दिली, जमलं नाही. गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाला डेंग्यू झाला, आठ दिवस दवाखान्यात काढले, आणि तेव्हापासनं ही मागच्या दारच्या पाण्याच्या ड्रमापाशी बसून डास कधी येतोय, कुठं टेकतोय ते वहीत लिहिते. आता म्हणते मला डासांच्या सवयींवरच शिकायचंय. वडील विचारतात, "सर, ह्याला शिक्षण तरी असतंय काय? का शेवटी पाठीवर पंप घेऊन फवारत फिरणार? का तिसऱ्यांदा नीटसाठी लातूरला पाठवू? दोन एकर ऊस आणि थोडी तंबाखू, एवढ्यावर घर चालतंय."

दादा, नमस्कार. लातूरचं आधी सांगतो, पाठवू नका. दोनदा मन लावून दिली, झालं नाही, आणि आता पोरीचं मन दुसरीकडं लागलंय तर तिसऱ्या वर्षाचे क्लासचे पैसे आणि होस्टेल म्हणजे उसाचं एक बिल गेलं समजा. मीसुद्धा पूर्वी एका पोराला असंच "अजून एक वर्ष बघ की" म्हणून बसवलं होतं, ते अजून माझ्या मनात आहे, असुदे.

आता शिक्षण असतं का. असतं, आणि तुम्ही त्यातलं अर्धं रोज करता. वळवाचा पाऊस पडला की उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतनं निघून कडुलिंबावर, बाभळीवर जाऊन बसतात हे तुम्हाला माहीत आहे म्हणून तुम्ही नेमकं तेव्हाच फांद्या हलवून ते गोळा करता नाहीतर बांधावर लाइटचा सापळा लावता. तंबाखूतल्या पानं खाणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळा लावता, त्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग फसून आत येतो. म्हणजे किड्याची खोड ओळखली आणि त्या खोडीलाच धरलं. तुमची पोरगी हेच म्हणतेय, फक्त पिकाच्या किडीऐवजी माणसाला आजारी पाडणाऱ्या किड्यांबद्दल.

आणि हे काही नवीन फॅड नाही. आपल्याकडं १९५३ मध्ये हिवतापाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा घराच्या भिंतींवर आतनं डीडीटी मारायचे, ते का, तर हिवतापाचा डास रक्त पिऊन जड होतो आणि जवळच्या भिंतीवर टेकून बसतो म्हणून. त्याच्या बसायच्या जागेवरच औषध. पण पुढं डास औषधाला सरावले, आणि आफ्रिकेत काही ठिकाणी असं झालं की मच्छरदाण्या वाटल्यावर डास मध्यरात्री घरात यायच्या ऐवजी तिन्हीसांजेला बाहेर अंगणातच चावायला लागले. आता नुसतं विष बदलून काय होणार, आधी कुणीतरी बसून बघायला पाहिजे ना की हा आता कुठं जातोय, कधी येतोय. ते बसून बघणारं माणूस कमी असतं, दादा, तुमच्या घरात एक आहे.

आफ्रिकेतच एक त्सेत्से माशी असते, झोपेचा आजार पसरवते. तिला निळा रंग ओढतो हे कळल्यावर झिंबाब्वेत १९८० च्या दशकात निळ्या-काळ्या कापडाचे पडदे रानात उभे केले, शेजारी गुराच्या अंगाला येणाऱ्या वासाची रसायनं बाटलीत ठेवली, माशी जनावर समजून यायची आणि औषध लावलेल्या कापडावर बसून मरायची. सगळ्या रानावर विमानानं औषध ओतत बसण्यापेक्षा हे किती हुशारीचं.

डेंग्यूचा डास, एडिस, ह्याची तर खोड अजून मजेची. तो दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी, आणि बाकीच्या वेळी कॉटखाली, कपाटामागं अंधारात बसतो. म्हणून तर संध्याकाळी गल्लीतनं धुराची गाडी फिरली तरी आतला डास आत सुखात असतो. शिवाय मादी सगळी अंडी एका जागी घालत नाही, थोडी ह्या डब्यात, थोडी त्या कुंडीत. ह्याच खोडीचा फायदा घेऊन पेरूमधल्या इक्विटोस शहरात असं केलं, की मादी जिथं टेकते तिथं पायरीप्रॉक्सिफेन नावाच्या, अळीचा डास होऊ न देणाऱ्या औषधाची पावडर ठेवली, ती तिच्या पायाला लागली, आणि पुढच्या ज्या ज्या भांड्यात ती अंडी घालायला गेली तिथं औषध तीच घेऊन गेली, त्यामुळं त्यातल्या बऱ्याच अळ्यांचे डास झालेच नाहीत. आपल्याला न सापडणारं भांडं मादी बरोबर शोधते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अर्धा तास हसत होतो.

तिला आता एक काम सांगा. दोन प्लास्टिकचे डबे बाहेरून काळे करून घ्यायचे, एकात साधं पाणी, दुसऱ्यात आठवडाभर गवत भिजवलेलं पाणी, दोन्हीत पाण्याच्या कडेला पांढऱ्या फडक्याची पट्टी अर्धी बुडवून ठेवायची आणि सावलीत ठेवायचे. तीन दिवसांनी पट्टीवर मोहरीपेक्षाही बारीक काळे ठिपके दिसतील, ती अंडी, कुठल्या डब्यात जास्त ते मोजायचं. चौथ्या दिवशी न चुकता दोन्ही डबे आणि पट्ट्या उकळत्या पाण्यानं धुवायच्या, नाहीतर आपणच गल्लीला डास पुरवल्यासारखं होईल. अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन चालत नाही, घासायला लागतं. महिनाभर हे केलं आणि तरीही कंटाळा आला नाही तर पुढचं वाचा.

रस्ता साधा आहे. बीएस्सी प्राणिशास्त्र घेऊन, निपाणी-चिकोडी-बेळगाव कुठंही जवळच्या कॉलेजात, खर्च कमी. नंतर पुदुच्चेरीला आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचं, व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटर आहे, १९७५ पासनं, तिथं पब्लिक हेल्थ एन्टोमॉलॉजीची, म्हणजे आजार पसरवणाऱ्या किड्यांच्या शास्त्राची, दोन वर्षांची एमएस्सी असते, नेमकं हेच शिक्षण. ते नाही जमलं तर धारवाड किंवा कोल्हापूरला प्राणिशास्त्रात एमएस्सी. दुसरा रस्ता धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं बीएस्सी अ‍ॅग्री, सीईटीतनं, शेतकऱ्यांच्या मुलांना वेगळा कोटा असतो त्याची प्रॅक्टिकल परीक्षा असते, तुमच्या पोरीला ती जड जाऊ नये, आणि पुढं कीटकशास्त्र. मला हा दुसरा रस्ता जास्त आवडतो कारण पुढं डासाचं नाही जमलं तरी शेतीखातं, बियाणं-औषधाच्या कंपन्या, बँक असं काहीतरी हाताला लागतंच.

तिला केमिस्ट्री सोडू देऊ नका. ह्या कामात वास म्हणजे सगळं. लॅबमध्ये किड्याच्या मिशीला बारीक तार जोडून वास दिल्यावर त्याला सिग्नल येतो का बघतात, काचेची इंग्रजी वाय सारखी नळी असते, एका फाट्यात वास आणि दुसऱ्यात साधी हवा, आणि किडा कुठं वळतो ते बघत तासन् तास बसायचं. ड्रमापाशी बसणारीला हे जमेल.

पैशाचं खरं सांगतो. एमएस्सीनंतर बऱ्याच नोकऱ्या प्रोजेक्टवर असतात, दोन-तीन वर्षं, मग पुढचा प्रोजेक्ट शोधा. नेट परीक्षेतनं जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, पण पीएचडी म्हणजे पाच वर्षं. पक्की नोकरी म्हणजे आरोग्यखातं, महापालिका, आयसीएमआर, नाहीतर डास पळवणाऱ्या कॉइल-लिक्विडच्या कंपन्यांची लॅब. जागा मोजक्याच निघतात. कर्नाटकात सरकारीला जायचं तर कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे, राग धरून उपयोग नाही, आत्तापासनं शिकू दे. आणि तुमचं गाव महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत असेल तर महाराष्ट्राच्या सरकारी जागांनाही अर्ज करता येतो, त्याला १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, तो आत्ताच काढायला लागा, ऐनवेळी धावपळ नको.

पाठीवर पंप म्हणालात त्याबद्दल, पंप मारणारा माणूसही कमी नाही हो, पण हिचं काम तो पंप कुठं, कधी मारायचा आणि कुठं मारायचाच नाही हे ठरवायचं. त्यासाठी चिखलात जायला लागेल, संध्याकाळी गोठ्यात नळीनं डास ओढून धरायला लागतील. खानापूरच्या पलीकडं सत्तरी, दोडामार्गाकडं माकडताप आलाय, तो गोचिडीमुळं पसरतो, तसल्या कामाला जंगलातही जायला लागेल. घरातनं तेवढी मोकळीक देणार का हे तुम्ही आणि वहिनींनी बसून ठरवा, कारण ती अडली तर मार्कांवर नाही, ह्याच्यावर अडेल.

वहीची दोन-चार पानं फोटो काढून पाठवा, बघायची इच्छा आहे. आणि तो मागच्या दारचा ड्रम, तिला म्हणावं अभ्यासाला आता डबे आहेत, ड्रमावर आजच जुनी साडी दुहेरी करून घट्ट बांध.