ॲन एमएलए की अ एमएलए?

एका ताईंनी विचारलंय: मुलीने निबंधात ‘ही इज ॲन एमएलए’ लिहिलं. शिक्षकांनी ‘ॲन’ खोडून ‘अ’ केला आणि ‘एम हे व्यंजन आहे’ असा शेरा मारला. बरोबर कोण?

मुलगी. अ की ॲन हे पुढच्या शब्दाच्या स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरतं. आपल्याला तर हे सोपं जावं. शब्द देवनागरीत लिहायचा आणि पहिलं अक्षर बघायचं. एमएलए, एफआयआर, एचआर, आरटीआय: सगळ्यांची सुरुवात स्वराने, म्हणून ॲन. यूपीआय, युनिव्हर्सिटी, युरोपियन यांच्या आरंभी य, म्हणून अ. अपडेट आणि यूपीआय दोन्ही रोमनमध्ये ‘यू’नेच सुरू होतात, तरी ‘ॲन अपडेट’ पण ‘अ यूपीआय पेमेंट’. ‘ऑनेस्ट’मधला एच मुका, म्हणून ॲन. ‘वन-वे रोड’ला व, म्हणून अ.

खरी गंमत पुढेच आहे. मुळात शब्द ‘ॲन’च, ‘एक’ या अर्थाच्या जुन्या शब्दातून आलेला. व्यंजनापुढे त्याचा न गळत गेला आणि ‘अ’ उरला. आता हा न कधी असतो, कधी नसतो; मग तो नेमका कुणाचा, यात लोकांचा गोंधळ उडणारच. आपला क्रिकेटमधला अंपायर त्यातूनच जन्मला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नॉनपेर’ म्हणजे जोडीत न बसणारा, दोघांच्या वादातला तिसरा. इंग्रजीत त्याचा ‘नूंपर’ झाला. १४व्या-१५व्या शतकाच्या सुमारास ‘अ नूंपर’ लोकांच्या कानाला ‘ॲन ऊंपर’ लागलं आणि न कायमचा पलीकडे गेला. ‘एप्रन’चंही तेच, तो आधी ‘नेप्रन’ होता, नॅपकिनचा भाऊबंद. ‘निकनेम’मध्ये मात्र उलटी चोरी. ‘एक-नेम’ म्हणजे जादाचं नाव (या ‘एक’चा आपल्या एकाशी संबंध नाही). ‘ॲन एकनेम’मधला न नावाने पळवला.

‘ॲन हिस्टॉरिक’ अजूनही काही जण लिहितात. मी ‘अ’ लिहितो, कारण ह मला स्पष्ट ऐकू येतो.

शेरा मारणाऱ्या शिक्षकांच्या बाजूने एकच मुद्दा सुचतो. आमचे आजोबा एम.ए.ला आयुष्यभर ‘यम्मे’ म्हणायचे. त्यांच्या तोंडी ‘अ यम्मे’च बरोबर ठरलं असतं.