जुना सी कोड नव्या कंपायलरवर ‘इनकम्पॅटिबल पॉइंटर टाइप’ म्हणून अडतो. जिथे एरर तिथे कास्ट टाकत जाऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जीसीसी या सी कंपायलरच्या जुन्या आवृत्तीवर वॉर्निंग्ज देत का होईना, पण चालणारा सी प्रकल्प जीसीसी १४ वर आणल्यावर शेकडो एरर येतात. बहुतेक ‘इनकम्पॅटिबल पॉइंटर टाइप’ किंवा ‘मेक्स पॉइंटर फ्रॉम इंटिजर विदाउट अ कास्ट’ या दोन प्रकारच्या आहेत (पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता साठवणारं व्हेरिएबल). सहकारी म्हणतात, प्रत्येक ठिकाणी कास्ट, म्हणजे ‘याचा टाइप अमुक समज’ असं कंपायलरला सांगणारी खूण, टाका आणि मोकळे व्हा. तसं करावं का?

करू नका. कास्ट टाकल्याने टाइपमधला विरोध मिटत नाही, कंपायलर फक्त त्याबद्दल बोलायचं थांबतो. अशी एरर येते तेव्हा दोन डिक्लेरेशन (नाव आणि टाइप जाहीर करणाऱ्या ओळी) एकाच जागेबद्दल वेगवेगळं सांगत असतात. एक म्हणतं या पत्त्यावर ४ बाइटचा इंट आहे, दुसरं म्हणतं ८ बाइटचा लाँग आहे. त्यातलं चुकीचं कोणतं ते शोधून तिथे दुरुस्ती करायची, आणि ती जागा बरेचदा एरर आलेल्या ओळीवर नसते.

तुमचा कोड काल बरोबर होता आणि आज बिघडला, असंही झालेलं नाही. विसंगत टाइपचा पॉइंटर असा परस्पर देणं सीच्या पहिल्या प्रमाणापासूनच, म्हणजे १९८९ पासून, नियमाबाहेर आहे. डिक्लेरेशन नसलेलं फंक्शन वापरण्याची मुभा सी९९ या १९९९ च्या प्रमाणाने काढून घेतली. कंपायलर मात्र जुन्या कोडची अडचण नको म्हणून वर्षानुवर्षं वॉर्निंगवर भागवत राहिले. २०२३ मध्ये क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या १६ व्या आवृत्तीने डिक्लेरेशनशिवायची फंक्शन आणि विसंगत फंक्शन पॉइंटर या दोन्ही गोष्टी एररमध्ये टाकल्या, २०२४ मध्ये जीसीसी १४ ने साधे विसंगत पॉइंटर आणि इंट-पॉइंटरची सरमिसळही त्यात आणली. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ कंपायलर सी फाइलींच्या बाबतीत यातलं बरंचसं सी४०४७ आणि सी४१३३ या वॉर्निंग्जवर सोडून देतो, त्यामुळे विंडोजवरून लिनक्सवर कोड आणणाऱ्यांनाही हाच धक्का बसतो.

-एफपर्मिसिव्ह हा पर्याय दिला तर जीसीसी १४ या एरर पुन्हा वॉर्निंगवर आणतो. तो एकदा जरूर वापरा, पण संपूर्ण बांधणी (बिल्ड) शेवटपर्यंत नेऊन सगळी यादी एका फाइलीत जमवण्यापुरताच. त्या यादीशिवाय काम हातात घेतलं तर एकाच चुकीच्या डिक्लेरेशनमुळे आलेल्या चाळीस एरर तुम्ही चाळीस ठिकाणी दुरुस्त करत बसाल.

यादी हातात आली की आधी न सापडलेल्या डिक्लेरेशनकडे वळा. ‘मेक्स पॉइंटर फ्रॉम इंटिजर’ प्रकारातला मोठा भाग खरं तर पॉइंटरचा नसतोच. फंक्शनचं डिक्लेरेशन कंपायलरला दिसलेलं नसतं, म्हणून जुन्या रीतीप्रमाणे ते इंट परत करतं असं तो धरून चालतो. स्ट्रिंगची प्रत करून तिचा पत्ता देणारं स्ट्रडप घ्या. -एसटीडी=सी९९ असा कडक पर्याय दिला की ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीचं स्ट्रिंग.एच हे हेडर स्ट्रडप जाहीरच करत नाही, कारण ते पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणाचं फंक्शन आहे, सी९९ चं नव्हे. हेडर इन्क्लूड केलेलं डोळ्यांना दिसतं आणि तरी ‘इम्प्लिसिट डिक्लेरेशन’ येतं. जुना कंपायलर अशा वेळी वॉर्निंग देऊन पुढे जायचा आणि ६४ बिटांच्या पत्त्यातले वरचे ३२ बिट कापले जायचे.

मग इतकी वर्षं चाललं कसं? पूर्वी लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम ठरावीक, खालच्या पत्त्यावर लोड व्हायचे आणि हीपही (चालू असताना मागितलेल्या मेमरीची जागा) त्यांच्या पाठोपाठ खालीच सुरू व्हायचा. पत्ता ३२ बिटांत मावायचा, म्हणून कापूनही काही हरवायचं नाही. पुढे लिनक्स वितरणांनी पीआयई बांधणी (प्रोग्रॅम कोणत्याही पत्त्यावर लोड होऊ शकेल अशी) सरसकट सुरू केली, हीप खूप वरच्या पत्त्यांवर गेला आणि तोच कोड सेगमेंटेशन फॉल्ट देऊ लागला. इथे स्ट्रडपच्या आधी कॅर स्टारचा, म्हणजे कॅरच्या पॉइंटरचा, कास्ट टाकलात तर एरर गप्प होईल, कापलेले ३२ बिट परत येणार नाहीत. खरी दुरुस्ती एका ओळीची आहे: -एसटीडी=जीएनयू९९ वापरा, किंवा कोणतंही हेडर इन्क्लूड करण्याआधी _पॉझिक्स_सी_सोर्स हा मॅक्रो २००८०९एल या किमतीने डिफाइन करा. तुमच्या स्वतःच्या फंक्शनांसाठीही हेच: प्रत्येकाचं प्रोटोटाइप (पॅरामीटरांचे टाइपही सांगणारं डिक्लेरेशन) हेडरमध्ये हवं आणि ते हेडर त्या फंक्शनच्या स्वतःच्या फाइलीतही इन्क्लूड झालेलं हवं. नाहीतर प्रोटोटाइप एक आणि व्याख्या दुसरी, असं झालेलं कोणालाच कळत नाही.

एवढं करून बांधणी पुन्हा करा. यादी बरीच आटलेली असेल. उरलेल्या प्रत्येक एररखाली जीसीसी ‘नोट’ म्हणून एक ओळ देतो: अपेक्षित टाइप अमुक, दिलेला टाइप तमुक. एररपेक्षा ही ओळ महत्त्वाची.

तिथे कधीकधी चक्रावून टाकणारा प्रकार दिसतो. अपेक्षित ‘स्ट्रक्ट नोड स्टार’ आणि दिलेलाही ‘स्ट्रक्ट नोड स्टार’! दोन्ही बाजू अक्षरशः सारख्या, तरी विसंगत. अशा वेळी आधीच्या ओळींत ‘पॅरामीटर लिस्टच्या आत डिक्लेअर केलेलं स्ट्रक्ट बाहेर दिसणार नाही’ अशा अर्थाची वॉर्निंग शोधा. एखाद्या प्रोटोटाइपच्या कंसात स्ट्रक्ट नोडचा उल्लेख पहिल्यांदाच आला, त्याआधी त्याचं नावही कुठे घेतलेलं नाही, म्हणून त्या कंसापुरतं एक वेगळंच स्ट्रक्ट नोड जन्माला आलं. उपाय म्हणजे त्या हेडरच्या वरच्या बाजूला ‘स्ट्रक्ट नोड;’ एवढी ओळ. हेडरांचा क्रम बदलला की ही एरर येते आणि जाते, म्हणून लोक क्रम हलवत बसतात. तसं करू नका, ओळ लिहा.

आता आकाराचा प्रश्न. कास्ट सर्वांत जास्त घात करतो तो इथे. टाइम या फंक्शनला लाँगचा पत्ता देणारा कोड ६४ बिट लिनक्सवर निर्वेध चालतो, कारण तिथे टाइम_टी हा लाँगच असतो. विंडोजवर लाँग ४ बाइटचा आणि टाइम_टी मात्र ८ बाइटचा. तिथे वॉर्निंग आल्यावर कास्ट टाकलात तर टाइम फंक्शन ४ बाइटच्या जागेत ८ बाइट लिहितं आणि शेजारचं व्हेरिएबल खराब होतं. कोणतं, ते ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर अवलंबून, म्हणजे डीबग बांधणीत कदाचित दिसणारही नाही. व्हेरिएबलचं डिक्लेरेशनच टाइम_टी करा. पत्ता पूर्णांकात साठवणाऱ्या कोडला तर याहून सरळ नियम आहे: इंट नको, लाँग नको, यूइंटपीटीआर_टी वापरा.

आकार सारखा असला म्हणजे कास्ट चालेल, असंही समजू नका. एआरएम मायक्रोकंट्रोलरवर ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. एआरएम कंपनीच्या स्वतःच्या कंपायलरमध्ये इंट३२_टी म्हणजे इंट. न्यूलिब या सी लायब्ररीसोबतच्या एआरएम-नन-ईएबीआय जीसीसीमध्ये इंट३२_टी म्हणजे लाँग. दोन्ही ४ बाइटचेच. पण सीच्या दृष्टीने इंट आणि लाँग हे दोन स्वतंत्र टाइप आहेत, त्यामुळे इंट३२_टी स्टार मागणाऱ्या फंक्शनला साध्या इंटचा पत्ता दिला की पहिल्या कंपायलरवर सगळं ठीक आणि दुसऱ्यावर एरर. कास्ट टाकून हे बांधलं जाईल. मात्र ऑप्टिमायझेशनच्या -ओ२ पातळीवर जीसीसी असं गृहीत धरतो की इंट स्टार आणि लाँग स्टार एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत. त्या आधारावर तो जुनी किंमत रजिस्टरमध्येच ठेवू शकतो, आणि फंक्शन इनलाइन झालं (त्याचा कोड कॉलच्या जागीच उतरला) की तुम्ही लिहिलेली नवी किंमत वाचणाऱ्याला दिसत नाही. व्हेरिएबलच इंट३२_टी करा. फ्लोटचे बिट पूर्णांक म्हणून वाचणं, नेटवर्कवरून आलेल्या बाइटांवर स्ट्रक्चर बसवणं, असल्या कामांना पॉइंटरचा कास्ट नको, बाइटांची नक्कल करणारं मेमसीपीवाय वापरा. जीसीसी आणि क्लँग एवढ्याशा मेमसीपीवायचं रूपांतर सहसा एखाद्या साध्या लोडमध्ये करतात, तेव्हा वेगाची काळजी करू नका.

पॉइंटरची पातळी चुकण्याच्या एरर बहुतेक सोप्या असतात. अ‍ॅरेच्या नावापुढे विनाकारण & लावलेलं असतं. पत्ता तोच निघतो म्हणून प्रोग्रॅम चालायचा, पण टाइप ‘दहा इंटांच्या अ‍ॅरेचा पॉइंटर’ असा होतो. & काढून टाका. द्विमितीय अ‍ॅरे इंट स्टार स्टार घेणाऱ्या फंक्शनला दिलेला असेल तर मात्र थांबा. अ‍ॅरेत सलग इंट असतात, तिथे पॉइंटरांची रांग नसते. कास्ट करून दिलात तर ते फंक्शन तुमचे आकडेच पत्ते समजून त्या जागी जाईल. प्रत्येक ओळीत चार इंट असतील तर पॅरामीटरच ‘चार इंटांच्या ओळीचा पॉइंटर’ या टाइपचा लिहायला हवा.

फंक्शन पॉइंटरच्या बाबतीत क्रमवारी लावणारं क्यूसॉर्ट हे ठरलेलं ठिकाण. तुलना करणारं फंक्शन स्ट्रक्ट स्टार घेतं आणि क्यूसॉर्टला कॉन्स्ट व्हॉइड स्टार घेणारं हवं असतं. कॉलच्या जागी फंक्शन पॉइंटरला कास्ट करण्याची सवय जुन्या कोडमध्ये सर्रास आढळते. एका टाइपचं फंक्शन दुसऱ्या, विसंगत टाइपच्या पॉइंटरमधून बोलावलं तर काय होईल याची सीचं प्रमाण कोणतीही हमी देत नाही. फंक्शनची सहीच, म्हणजे पॅरामीटरांचे टाइप, बदला आणि आत पहिल्या दोन ओळींत कॉन्स्ट व्हॉइड स्टारमधून आपल्या टाइपचे पॉइंटर काढा. सीमध्ये त्यासाठी कास्ट लागतही नाही. आणखी एक, कारण तुम्ही पुढेमागे जीसीसी १५ वर जालच: तो मुळातच सी२३ धरून चालतो, आणि सी२३ मध्ये रिकामे कंस म्हणजे ‘एकही पॅरामीटर नाही’. रिकाम्या कंसांनी लिहिलेला सिग्नल हँडलर तिथे विसंगत ठरतो. आत्ताच त्याला इंट पॅरामीटर देऊन टाका.

पॉझिक्स_मेमअलाइनसारखी फंक्शनं व्हॉइड स्टार स्टार मागतात आणि आपल्याकडे इंट स्टारचा पत्ता असतो. व्हॉइड स्टार सगळ्यांना चालतो, पण व्हॉइड स्टार स्टारला ती सवलत नाही. मधे एक व्हॉइड स्टार व्हेरिएबल घ्या, त्याचा पत्ता द्या, मग ते आपल्या पॉइंटरला असाइन करा.

कॉन्स्टबद्दल एवढंच की कॅर स्टार स्टार हा कॉन्स्ट कॅर स्टार स्टारच्या जागी चालत नाही, आणि हा नियम उगाच नाही: चालला असता तर त्या वाटेने न बदलता येणाऱ्या स्ट्रिंगचा पत्ता साध्या कॅर स्टारमध्ये शिरला असता आणि पुढे कोणीही त्यावर लिहिलं असतं. मजकुराचं एन्कोडिंग बदलणाऱ्या आयकॉन्व्हच्या दुसऱ्या पॅरामीटरला काही प्रणालींवर कॉन्स्ट होता, काहींवर नव्हता. तिथे ऑटोकॉन्फ या कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणाऱ्या साधनाने तपासून ठरवलेला आयकॉन्व्ह_कॉन्स्ट हा मॅक्रो वापरतात.

साइन्ड आणि अनसाइन्ड कॅरच्या पॉइंटरवरून येणाऱ्या शेकडो वॉर्निंग्ज शेवटी ठेवा. जीसीसी १४ त्यांना एरर मानत नाही.

कास्ट योग्य कुठे, हेही सांगायला हवं. नेटवर्कच्या बाइंड आणि कनेक्ट या फंक्शनांना सॉकअ‍ॅड्र_इन स्टारचा सॉकअ‍ॅड्र स्टार करून देणं हा त्या इंटरफेसचाच भाग आहे. विंडोजचं रिसीव्ह कॅर स्टार मागतं, तिथे अनसाइन्ड कॅर बफरला कास्ट करणं रास्त. कोणत्याही वस्तूचे कच्चे बाइट अनसाइन्ड कॅर स्टारमधून वाचायलाही प्रमाणाची परवानगी आहे. याबाहेर कास्ट लागतोय असं वाटलं, तर त्या जागी तो का लागला ते कॉमेंटमध्ये लिहा. लिहिता येत नसेल तर डिक्लेरेशन पुन्हा तपासा.

दुरुस्त्या झाल्यावर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून चाचण्या चालवा, कारण कंपायलरला न दिसणारी एक जोडी उरते: एका फाइलीत अ‍ॅरे आणि दुसऱ्या फाइलीत त्याच नावाचा एक्स्टर्न पॉइंटर. दोन्ही फाइली आपापल्या जागी निर्दोष असतात, लिंकरही काही बोलत नाही, आणि अ‍ॅरेतली अक्षरंच पत्ता म्हणून वाचली जातात. एक्स्टर्न डिक्लेरेशन सी फाइलींतून काढून हेडरमध्ये नेली की कंपायलर ही जोडीही पकडतो.

तुमच्या प्रकल्पात कॉन्फिगर स्क्रिप्ट असेल तर हे आजच पाहा. ती छोटे छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून कोणती सोय उपलब्ध आहे ते ठरवते, आणि जुन्या स्क्रिप्टमधल्या त्या प्रोग्रॅमांतही हेडर न घेता एक्झिट वगैरे बोलावलेलं असतं. नव्या कंपायलरवर ती तपासणीच एरर देऊन पडते, स्क्रिप्ट शांतपणे ‘ही सोय नाही’ असं नोंदवते, बांधणी यशस्वी होते आणि तुमच्या प्रोग्रॅममधली एखादी सोय गायब झालेली असते. जुन्या आणि नव्या कंपायलरने तयार केलेल्या दोन्ही कॉन्फिग.एच फाइली डिफने शेजारी ठेवा. फरक दिसलेल्या प्रत्येक ओळीसाठी कॉन्फिग.लॉगमध्ये जाऊन ती तपासणी नेमकी का पडली ते वाचा.