कॉलेज सांभाळून इंटर्नशिप: आधी एवढं कर

सगळ्यात आधी कॉलेजच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेलमधून (नोकरी-इंटर्नशिपचं बघणारा विभाग) शिफारसपत्र घे, मगच कामावर रुजू हो. पत्राच्या तारखेआधीचे तास बरीच कॉलेजं धरत नाहीत. नवीन मुलं इथेच फसतात.

मग हिशोब. ४ क्रेडिटची ऑन जॉब ट्रेनिंग (अभ्यासक्रमातली इंटर्नशिप) म्हणजे साधारण १२० तास. रोज ६ तास धरले तर २० दिवस. आठवड्यातून दोनच दिवस गेलास तर १० आठवडे, म्हणजे सेमिस्टरचा मोठा भाग. ७५ टक्के हजेरीची अट असेल तर ६० तासिकांपैकी १५च बुडवता येतात. प्रॅक्टिकलची हजेरी वेगळी मोजतात, त्या दिवशी कामाला जाऊच नको.

नागपुरात जागा निवडताना स्टायपेंडआधी रस्ता बघ. मिहानला (विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग) खापरीपर्यंत मेट्रो आहे, हिंगणा एमआयडीसीकडे लोकमान्य नगरपर्यंत. पुढच्या ऑटोचा खर्च मात्र धर. बुटीबोरी एमआयडीसी लांब पडते, कॉलेज चालू असताना नकोच. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत घे, पण मे महिन्यातल्या दुपारी गाडीवर निघू नको बाप्पा!

कामावर लागल्यावर:
- लॉगबुक रोज भर: तारीख, तास, नेमकं काम. ‘निरीक्षण केले’ असं रोज लिहिलं की तोंडी परीक्षेत अडकशील.
- सुपरवायझरची सही दर शनिवारी घे. शेवटी एकदम घ्यायला गेलास आणि साहेब बदलून गेले असले तर बसशील फिरत.
- प्रमाणपत्र लेटरहेडवर, शिक्क्यासह, एकूण तास लिहिलेलं हवं. नुसतं ‘दोन महिने’ चालत नाही.

रिपोर्ट कसा लिहायचा ते नंतर बघू. आधी पत्राचा अर्ज टाक.