वाचकांचे प्रश्न : 80 प्रेक्षकांसमोर ‘संगीत शारदा’

प्रश्न : आमची हौशी संस्था पुण्यातल्या छोट्या सभागृहात, माइकशिवाय ‘शारदा’ करतेय. भर अभिनयावर हवा. पण पद आलं की प्रसंग थांबतो आणि मैफल सुरू होते. पदं कमी करावीत का? साथ कशी ठेवावी?

उत्तर : कात्री लावण्याआधी पदांची सुरुवात तपासा, प्रसंग बहुधा तिथेच तुटतो. संवाद संपतो, पेटी ठसठशीत सूर देते, नट प्रेक्षकांकडे वळतो. पात्र गेलं, गायक उरला. पेटीनं आधीच्या दोन वाक्यांखालीच सूर हलका धरावा. पहिली ओळ नटानं बिनसाथीनं, समोरच्या पात्राकडे बघत उचलावी, तबला त्यानंतर. तालमीत सुरुवातीचा आठवडा पदं चालीशिवाय, संवाद म्हणून बोला. नाटककार गो. ब. देवलांची 1899ची पदं बोलण्याच्या इतकी जवळची आहेत की हे सहज जमतं.

‘म्हातारा इतुका न’ घ्या. म्हाताऱ्या वरावरून शारदेची थट्टा तिची मैत्रीण वल्लरी करते, पण चार फुटांवरचा प्रेक्षक बघत असतो शारदेकडे. वल्लरीनं ताना टाळाव्यात, आवाज बोलण्याइतकाच ठेवावा. शारदेनं ओळीओळीला चेहरा बदलू नये. हातातलं काम ‘पाऊणशें’ या शब्दाला थांबलं तरी पुरे. बाकीची पदं धृपद (परत परत येणारी ओळ) आणि एक अंतरा (कडवं), दीड-दोन मिनिटांत आवरा. शारदेचं ‘मूर्तिमंत भीति उभी’ मात्र पूर्ण ठेवा. या जवळिकीत ते पद जे करतं, ते मोठ्या नाट्यगृहात होत नाही!

ऑर्गन नकोच. हातपेटी, तीही खर्जाचे, म्हणजे खालच्या जाड सुरांचे, खटके बंद ठेवून. शारदा काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा ‘सा’) आणि नायक कोदंड काळी एकमध्ये गात असेल, तर काळी चार हा कोदंडाचा पंचम, म्हणजे ‘प’. काळी चारमध्ये लावलेला एकच तबला दोघांना चालतो, सूर बदलायला मध्येच हातोडी वाजत नाही. तबला मोठ्या तोंडाचा घ्या. लहान तोंडाचा इतका उतरवला की बसका बोलतो. साथीदार नटाच्या पाठीमागे बसले तर दोघं एकमेकांची वाट बघतात आणि लय पडते. त्यांना बाजूला, नटाचा चेहरा दिसेल असं बसवा.

प्रश्न : ‘वन्स मोअर’ आला तर? आणि परवानगीचं काय?

उत्तर : घेऊ नका. शेवटच्या सुरावरच पुढचं वाक्य उचललं की टाळ्यांना फट राहत नाही. देवल 1916मध्ये वारले, त्यामुळे मूळ संहितेच्या हक्कांचा प्रश्न उरलेला नाही. पण तुम्ही काटछाट केलेली संहिता, नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, प्रयोगाची तारीख जाहीर करण्याआधीच द्या.